डावीकडचा उजेड

"आई, आजोबाची कार पेव्हमेंटवर चढतो," अन्वी म्हणाली. सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार होता आणि मी तिच्या डब्यातली न खाल्लेली काकडी काढत होते.

"कार चढतो नाही गं, कार चढते."

"कार पेव्हमेंटवर चढते."

"शाब्बास."

एवढंच. चार वर्षांच्या मुलीनं मला काहीतरी सांगितलं, मी त्यातलं क्रियापद नीट केलं आणि काकडी बिनमध्ये टाकली. दर शनिवारी मराठी शाळेत मी अकरा मुलांचं हेच करायचे, ती सवय घरी आल्यावरही सुटत नव्हती.

आणि हे कुणी करावं? तर मी. झोपण्याआधी गॅसची बटणं तीनदा बघणारी. नर्सरीच्या ॲपवर दुपारचा फोटो दहा मिनिटं उशिरा आला तर फोन लावणारी. माझा नवरा यतीन पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे दोन स्मोक अलार्म आहेत. एक सीलिंगला, एक किचनमध्ये. सीलिंगवाल्याची निदान बॅटरी तरी संपते."

अन्वीचे 'आजोबा' म्हणजे ज्ञानेश्वर मेस्त्री. आमचे नात्यातले कुणी नाहीत, मी त्यांना काका म्हणते. आमच्या तेव्हाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, वय शहात्तर. तरुणपणी मिरजेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चौऱ्याहत्तर साली कॉव्हेंट्रीत आले आणि गाड्यांच्या कारखान्यात लागले. तयार गाडीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं एक बारीक रेघ ओढायची, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडल्यावर पुन्हा पाट्या. फोल्सहिल रोडवरची निम्मी दुकानं एके काळी त्यांनी रंगवली होती. आता सगळीकडे व्हिनाइलची चिकटवायची अक्षरं आली. त्यांच्या बायको, नीनाकाकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा रवी अबर्डीनला असतो.

मंगळवारी आणि गुरुवारी मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला असायचे, चार वाजेपर्यंत. नर्सरी सुटायची साडेतीनला. मला गाडी येत नाही. म्हणजे येते, पण दोन्ही वेळा परीक्षकानं येत नाही असं लिहून दिलं. यतीन बर्मिंगहॅमला, संध्याकाळच्या ट्रेननं येणार. तेव्हा काकाच म्हणाले होते, "मी आहे ना, पोरी. मला दुसरा धंदा काय?" अन्वीची सीट मी त्यांच्या गाडीत मागे डावीकडे बसवून घेतली. उतरताना ती पेव्हमेंटच्या बाजूला उतरावी म्हणून. त्यावर मी तीन लेख वाचले होते.

त्या उन्हाळ्यात काका मराठी शाळेची पाटी करत होते. आमची शाळा एका चर्चच्या हॉलमध्ये भरते आणि इतकी वर्षं दारावर लॅमिनेट केलेला कागद होता. काका म्हणाले, "चिकटवलेलं अक्षर झोपलेलं असतं. रंगवलेलं उठून बसतं." त्यांनी पाच फुटी फळी आणली, तीनदा पांढरी केली, पेन्सिलनं दोन्ही ओळी आखल्या. वर इंग्रजी, खाली मराठी. मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून बघायचे. अन्वी जमिनीवर खडूनं तिची स्वतःची पाटी करायची.

अक्षराला उठाव कसा द्यायचा ते त्यांनी मला तिथेच शिकवलं. अक्षराच्या प्रत्येक रेघेच्या मधोमध एक बारीक रेघ घ्यायची, घराच्या आढ्यासारखी. मग त्या रेघेला छपरासारखे दोन उतार मिळतात. उजेड वरून आणि डावीकडून येतो असं धरायचं. म्हणजे वरचा उतार सगळ्यांत फिका, डावा त्याहून थोडा कमी फिका, उजवा गडद आणि खालचा सगळ्यांत गडद. एकाच निळ्याच्या चार डब्या. कोपऱ्यात दोन उतार भेटतात तिथे सांधा तिरका आणि सुरीनं कापल्यासारखा हवा. जमलं, की सपाट फळीवरचं अक्षर हिऱ्याला पैलू पाडावेत तसं वर येतं. बोटानं चाचपावंसं वाटतं.

"पण काका, उजेड डावीकडूनच का? शाळेच्या दारावर ऊन उजवीकडून येतं."

"खरं ऊन कुठूनही येऊ दे. पाटीचा सूर्य डावीकडेच उगवतो. माझ्या गुरूनं एकदा माझा उजेड उलटा पडला म्हणून पाठीत काठी घातली होती."

"आणि 'ठ' ला काय करायचं? त्याला डावं-उजवं कुठेय?"

"अगं, 'ठ' म्हणजेच परीक्षा." त्यांनी हवेत गोल काढला. "फिक्याचा गडद कुठे झाला ते बघणाऱ्याला कळता कामा नये. रंग ओला असतानाच फिरवत आणायचा. थांबला, की मेला."

इंग्रजी ओळ ऑगस्टमध्ये झाली. मराठी राहिली. मग मधे दोन आठवडे काका गॅरेजमध्ये दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "एक दिवस जरा गरगरलं. ऊन लागलं असेल."

"कॉव्हेंट्रीत? ऊन?" मी हसले. तेही हसले.

मग तो ऑक्टोबरमधला गुरुवार आला. दुपारी अडीचला मिहीरनं, म्हणजे शाळेच्या सेक्रेटरीनं, पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. पाटी पूर्ण! गॅरेजमधून थेट! खाली धडाधड टाळ्या. "काका, लेजंड!" "डोळ्यांचं पारणं फिटलं." श्रद्धानं लिहिलं, "खालची ओळ किती क्लीन वाटतेय, सो मॉडर्न!"

मीही टाळ्या टाकल्या. फोन ठेवला. एका माणसाला रूट कनालची तारीख दिली. फोन परत उचलला.

काहीतरी खटकत होतं. मी फोटो मोठा केला. वरच्या इंग्रजी ओळीत चारही निळे जागच्या जागी. खालच्या ओळीत 'म' ची उभी रेघ बघितली. वरचा उतार फिका, ठीक. उजवा गडद, ठीक. खालचा गडद. आणि डावा? डाव्या उताराला काहीच नव्हतं. पहिल्या हाताचा साधा निळा तसाच होता. 'रा' बघितला. तेच. 'शा', 'ळा', तेच. 'ठी' मध्ये वरचा उजेड गोलावरून डावीकडे यायला निघाला होता आणि मधेच थांबला होता, कुणी हाक मारल्यासारखा.

फळीची डावी बाजू राहिली असती, तर काम अर्धं झालंय म्हटलं असतं. इथे प्रत्येक अक्षराची डावी बाजू राहिली होती.

मी यतीनला फोन लावला.

"स्टाइल असेल अगं."

"काकांनी तीस वर्षांत टूथपेस्ट बदललेली नाही."

"मग रंग संपला असेल. उद्या लावतील. देविका, तुला नक्की काय म्हणायचंय? पाटीवर रंग कमी आहे म्हणून अन्वीला त्यांच्या गाडीतून आणायचं नाही?"

"हो."

मोठ्यानं ऐकल्यावर ते खुळचटच वाटलं. यतीननं उसासा सोडला. मला तो उसासा पाठ आहे. पण त्या उसाशातच मला मागचा रविवार आठवला. काका आमच्याकडे जेवायला होते. मी पान वाढलं होतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आई वाढायची तसं. पहिल्या घासालाच काका म्हणाले, "आज चटणीला सुट्टी का?" मला वाटलं, चेष्टा करतायत, कमी वाढली म्हणून टोमणा आहे. मी हसून आणखी चमचाभर वाढली, आणि घाईत ती उजवीकडे, भाजीच्या बाजूला वाढली. ती त्यांनी खाल्ली. ताट उचललं तेव्हा डावी बाजू जशीच्या तशी होती, कोशिंबिरीसकट. मला आपला राग आला होता, की कोशिंबीर बिघडली की काय.

कार पेव्हमेंटवर चढते. पेव्हमेंट डावीकडे असतो.

"मी निघते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पावणेतीन. काकांना फोन केला, उचलला नाही. फोन घरात आणि काका गॅरेजमध्ये, हे नेहमीचं. नर्सरीला फोन केला, की आज अन्वीला कुणाबरोबरही सोडू नका, मी येतेय.

"ग्रँडॅडना काही झालंय का?" तिथल्या बाईंनी काळजीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

फोन ठेवल्यावर कळलं मी काय केलं होतं. आता काका वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून नर्सरीच्या दारात जाणार. सगळ्या आयांसमोर त्यांना सांगितलं जाणार, मुलगी तुमच्याबरोबर सोडता येत नाही. आणि तिथवर ते गाडी चालवतच जाणार होते. साडेतीनला त्या रस्त्यावर डावीकडे काय असतं? पायानं ढकलायच्या स्कूटर घेतलेली मुलं, बाबागाड्या, आया.

मी मॅनेजरला 'फॅमिली इमर्जन्सी' एवढंच म्हणाले. बस चार मिनिटांनी आली, ती चार मिनिटं मी उभी राहू शकले नाही, स्टॉपच्या काचेभोवती फिरत राहिले. बसमध्ये फोटो पुन्हा मोठा केला. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता दिसेल डावा उजेड, माझीच नजर चुकली असेल, आणि मी अन्वीला घेऊन घरी जाईन, आणि यतीनला आयुष्यभर पुरेल असा किस्सा मिळेल. मला तेच हवं होतं.

तीन वाजून बारा मिनिटांनी मी त्यांच्या गल्लीत पळत शिरले. गाडी निघायच्या तयारीत होती. घरासमोरच्या ड्राइव्हवर, तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू. डाव्या बाजूचा आरसा काळ्या टेपनं बांधलेला. डाव्या दारावर मागपर्यंत लांब ओरखडा, ज्या माणसानं आयुष्यभर गाड्यांवर रेघा ओढल्या त्याच्या गाडीवर.

मी समोर डावीकडे उभी होते. बॉनेटपासून चार पावलांवर. दोन्ही हात वर करून हलवत होते. काका समोर बघत होते. चेहरा अगदी शांत. आणि गाडी हलली.

मी "काका!" अशी किंचाळले आणि बॉनेटवर दोन्ही तळवे आपटले. गाडी आचका देऊन थांबली. त्यांनी मान पूर्ण वळवली, मग मी त्यांना दिसले.

"अगं! कुठून उगवलीस? मेली असतीस ना!"

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. अन्वीची तीन फूट चार इंच.

"काका, इंजिन बंद करा. जरा पाटी दाखवा मला."

"आत्ता? अन्वी वाट बघेल."

"बघू दे."

माझा आवाज ऐकून असेल, ते उतरले. मी त्यांच्या मागे गॅरेजमध्ये गेले. पाटी दोन स्टुलांवर आडवी होती, रंग ओला, टर्पेंटाइनचा वास.

"डावा उजेड राहिलाय, काका."

"कुठे?"

"सगळीकडे. खालच्या ओळीत."

"वेडी का खुळी? सकाळी सगळ्यात आधी तोच काढला. डबी बघ." डबी उघडी होती. फिका निळा काठोकाठ भरलेला होता, त्यात ब्रश बुडाल्याची खूण नव्हती. त्यांनी ती बघितली की नाही कोण जाणे.

"हात लावून बघा."

"ओल्या रंगाला? बोट उमटेल."

"उमटू दे ना, काका. प्लीज."

त्यांनी नाराजीनं 'म' च्या उभ्या रेघेवर बोट टेकवलं. उजव्या उतारावर. बोट निळंभोर झालं. "हं. पटलं?" मी त्यांचं बोट फडक्यानं पुसलं, मनगट धरलं आणि डाव्या उतारावर नेलं. बोट कोरडं. त्यांनी अंगठ्यानं ते चोळलं. पुन्हा टेकवलं. कोरडं. मग 'रा'. मग 'ठी'. 'शा' वर मी मनगट सोडून दिलं होतं, ते स्वतःच चाचपत गेले, काठाकाठानं. मग सगळं अंग वळवून, काहीतरी खाली पडलंय ते शोधावं तसे पाटीकडे बघत राहिले.

"कुणी पुसला?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी नाही पुसला, काका."

त्यांनी फडकं उचलून बोटं पुसली. मग घड्याळाकडे बघून गाडीची किल्ली उचलली. "चल, पोरगी खोळंबली असेल."

"तुम्ही नाही चालवायची."

"दीड मैल आहे गं. डोळे मिटून जाईन."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. दुसरं कुठलंही चाललं असतं. डॉक्टरांना विचारू या म्हणता आलं असतं, मला भीती वाटते म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "माझी मुलगी तुमच्या गाडीत बसणार नाही." आणि त्यांच्या हातातून किल्ली घेतली. घेतली म्हणजे ओढली.

पुढचं भराभर झालं. नर्सरीला पुन्हा फोन करून मी श्रद्धाचं नाव दिलं, तिनं अन्वीला आणलं. मी इमर्जन्सीला फोन लावून लक्षणं सांगितली; पलीकडच्या बाई म्हणाल्या, त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. काकांनी दोन्ही केलं आणि विचारलं, "आता नाचूनही दाखवू?" तरी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगितलं.

तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यावर एक आडवी रेघ होती. म्हणाल्या, हिच्या बरोबर मध्यावर खूण करा. काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. पन्नास वर्षं नुसत्या नजरेनं रेघेचा मध्य काढणारा माणूस. त्यांनी पेन घेतलं, श्वास रोखला, आणि रेघेच्या उजव्या टोकापासून बोटभर अंतरावर नाजूक, सरळ खूण केली. "घ्या," म्हणाले. मी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचायला लागले.

लहानसा स्ट्रोक. बहुतेक ते गरगरलं त्या दिवशीचाच. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि पोचत नाही हेही कळत नाही. थोडं सुधारेल, किती ते सांगता येत नाही. गाडी बंद.

आठ दिवसांनी काका घरी आले. मी वरण-भात घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं.

"या," म्हणाले. "बसा."

मला वाटलं, माझ्या मागे कुणी उभं आहे. मी वळूनसुद्धा बघितलं.

"काका, मी आहे."

"हो, ओळखलं. तुम्ही उगाच तसदी घेतलीत. डीव्हीएलएला, लायसन्सवाल्यांना, मी स्वतः पत्र टाकलंय. तुम्ही निश्चिंत राहा."

सहा वर्षं मी 'अगं', 'पोरी', 'गधडे' होते. त्या दिवसापासून तुम्ही. एकही शब्द वाकडा नाही. चहा विचारला, अन्वीची चौकशी केली, दारापर्यंत पोचवायला आले. मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते.

पाटी तशीच लागली. मिहीर विचारायला गेला तर काका म्हणाले, "लावा." लोक अजूनही तिचे फोटो काढतात. त्या शनिवारांना मी मागच्या दारानं हॉलमध्ये शिरायचे.

जानेवारीत यतीनची बदली झाली आणि आम्ही वॉटफर्डला आलो. इथे घर मोठं आहे, नर्सरी चालत जाण्याजोगी आहे, माझं काहीच अडत नाही. मी दर दोन दिवसांनी काकांना फोन करत होते. "बरं आहे. तुम्ही कशा आहात?" एवढं झालं की ठेवायचे. फेब्रुवारीत मी अन्वीला घेऊन ट्रेननं गेले. बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराशी थांबली. "कोण?" मी नाव सांगितलं. "कशाला त्रास घेतलात," दाराआडून आवाज आला. "मी झोपलोय." अन्वी लेटरबॉक्समधून "आजोबा, मी मोठी झाली!" असं ओरडली. मी तिला काही दुरुस्त केलं नाही. आत कुणीतरी बराच वेळ उभं होतं. दार उघडलं नाही.

आता तीन आठवडे झाले, फोन नुसता वाजतो. रवीला विचारलं तर तो म्हणतो, "बाबा ओके आहे, देविका. तो फोन चार्ज करायला विसरतो. संडेला मी बोलला." कुठल्या संडेला, ते सांगत नाही. मिहीर म्हणतो, जाईन एकदा. यतीन या वेळी चेष्टा करत नाही, आणि त्यानं मला जास्तच धास्ती वाटते.

मला माहीत आहे, मी चूक केली नाही. रोज स्वतःला सांगते. मी रस्त्यावरच्या कुणाच्या तरी पोराला वाचवलं असेन, कदाचित माझ्याच. पण गाडी गेली तसा त्या माणसाचा बाजार गेला, लायब्ररी गेली, मंगळवार आणि गुरुवार गेले. ते मी घेतले, आणि मग मी गाव सोडून आले. माझ्यासाठी ते दार उघडणार नाहीत. तुमच्यासाठी उघडतील.

तुम्ही कॉव्हेंट्रीत असाल, किंवा तिथे तुमचं कुणी असेल, तर एवढं करा. फोल्सहिल रोडवरून आत वळलं, की ज्या घराच्या गॅरेजवर हातानं रंगवलेला एक नंबर आहे, सत्तावीस, चारही निळ्यांत, ते त्यांचं घर. माझं नाव काढू नका. पाटीबद्दल विचारायला आलोय म्हणा. दार उघडायला वेळ लागेल, परत फिरू नका. आत गेलात की त्यांच्या उजव्या हाताला बसा. जेवलात का, असं विचारा, आणि ते हो म्हणाले तरी पाणी प्यायच्या निमित्तानं एकदा किचनमध्ये जाऊन बघा.